जुनी गाडी, यवतेश्वरचा घाट आणि शॉकअपचा हिशोब

जुनी मोटारसायकल स्टँडवरून खाली घ्या, शेजारी उभे राहा आणि सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही हातांनी अंगाचं वजन टाकून दाबा, मग एकदम सोडा. मागची बाजू वर येऊन जागेवर थांबली तर शॉकअप शाबूत आहेत. वर आली, परत खाली गेली, परत वर आली, असं चालू राहिलं तर आतलं तेल गेलंय आणि तुम्ही नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवताय. पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबलं की पुढच्या फोर्कचीही, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दबणाऱ्या पायांचीही, हीच परीक्षा होते. दहा-पंधरा वर्षं पळालेल्या बऱ्याच गाड्या इथे नापास होतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो, कारण बिघाड रोज कणाकणाने होत आलेला असतो.

गावातल्या गावात हे कळतही नाही. साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा एवढीच रपेट असेल तर कसलेही शॉकअप चालतात. पण यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलं, किंवा ठोसेघरकडे वळलं, की सगळं उघडं पडतं. वळणाच्या ऐन मध्यात पावसाने उखडलेला पट्टा येतो, मागचं चाक उडतं, गाडी दोन-तीनदा डुलते आणि ठरवलेल्या रेषेपेक्षा फूटभर बाहेर जाते. मग माणूस गॅरेजमध्ये जाऊन म्हणतो, "जरा कडक शॉकअप टाका." बहुतेकांचे पैसे चुकीच्या वाटेला लागतात ते इथूनच.

स्प्रिंग उचलते, तेल आवरतं

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं करणाऱ्या दोन वेगळ्या वस्तू असतात. स्प्रिंग गाडीचं आणि तुमचं वजन उचलून धरते. खड्ड्यात चाक वर आलं की ती दबते, धक्का साठवते आणि जसाच्या तसा परत देते. ती काहीच गिळत नाही. तो परत आलेला धक्का जिरवायचं काम आतल्या तेलाचं. पिस्टन बारीक छिद्रांतून तेल ढकलतो, त्या घर्षणात धक्क्याची उष्णता होते आणि ती हवेत जाते. घाटातून खाली आल्यावर चांगल्या शॉकअपला हात लावून पाहा, कोमट लागेल. याला डॅम्पिंग म्हणतात.

म्हणजे गाडी डुलत असेल तर दुखणं तेलाचं आहे, आणि "कडक टाका" हे औषध स्प्रिंगचं आहे. उलट, जास्त कडक स्प्रिंग जास्त जोराने परत फेकते, तिला आवरायला डॅम्पिंगही जास्त लागतं. थकलेल्या शॉकअपवर जाड स्प्रिंग चढवली तर गाडी आधीपेक्षा जास्त उडते. कंबर दुखते ती वेगळीच.

जाड स्प्रिंगचा हिशोब दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून 7 मिलिमीटरच्या तारेऐवजी 8 मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे 70 टक्के जास्त कडक होते. "एकच मिलिमीटर तर जाड आहे" म्हणून घेतलेली स्प्रिंग म्हणजे जवळपास दुसऱ्याच गाडीची स्प्रिंग. वेटोळं कापून स्प्रिंग आखूड करणारेही आहेत. वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग कडक होते आणि गाडी खाली बसते. म्हणजे दणका सोसायला जागाही कमी आणि मऊपणाही कमी.

कडक स्प्रिंग कुणाला लागते? जावळी-पाटणकडे पहाटे दूध घालणाऱ्याला. 40 लिटरचा एक कॅन भरला की दूधच 41 किलो होतं, वर कॅनचं वजन. दोन बाजूंना दोन कॅन म्हणजे डबल सीट माणसापेक्षा जास्त ओझं, आणि तेही मागच्या ॲक्सलच्या वर किंवा त्याच्याही मागे. जेवढं वजन ॲक्सलच्या मागे लटकतं, तेवढं पुढचं चाक हलकं होतं. अशा गाडीला मागे जाड स्प्रिंग हवीच. पण तीच गाडी पुढे कॉलेजला जाणाऱ्या मुलाकडे आली की त्या स्प्रिंगवर 60 किलोचा पोरगा बसतो, स्प्रिंग दबतच नाही आणि तो म्हणतो या गाडीला कम्फर्टच नाही. खोट गाडीत नाही, स्प्रिंग ओझ्याप्रमाणे बदललेली नाही एवढंच.

मागच्या खाचा

मागच्या शॉकअपच्या खालच्या बाजूला खाचांची कडी असते. बहुतेकांना वाटतं, कडी फिरवली की स्प्रिंग कडक होते. होत नाही. आकडे धरून बघू. समजा एका बाजूची स्प्रिंग 1 मिलिमीटर दबायला 2 किलो लागतात, आणि बसवतानाच ती 10 मिलिमीटर दाबून बसवली आहे. म्हणजे पहिले 20 किलो ती हलणारच नाही. त्या बाजूवर 60 किलो आले तर उरलेल्या 40 किलोंनी ती 20 मिलिमीटर दबेल. आता खाचा वाढवून सुरुवातीचा दाब 15 मिलिमीटर केला. पहिले 30 किलो हालचाल नाही, उरलेले 30 किलो तिला 15 मिलिमीटर दाबतील. गाडी 5 मिलिमीटर उंच बसली. पण तिथून पुढे प्रत्येक किलोला ती आधीसारखीच अर्धा मिलिमीटर दबणार. खाचा गाडीची बसण्याची उंची बदलतात, स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाहीत. याला प्रीलोड म्हणतात.

ही उंची कशाला हवी? चाकाला वर जायला जागा लागते तशी खाली जायलाही लागते. खड्ड्यात चाक खाली उतरलं नाही तर सगळी गाडीच खाली आपटते. म्हणून तुम्ही बसल्यावर गाडी थोडी दबलेली असली पाहिजे. याचं मोजमाप म्हणजे सॅग. पुढच्या फोर्कच्या आतल्या पाईपवर केबल बांधायची प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधा. एकाला गाडी उचलून धरायला लावून फोर्क पूर्ण ताणा आणि पट्टी सीलला, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीला, टेकवा. मग नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या सामानासह गाडीवर अलगद बसा, ब्रेक न दाबता, आणि तसंच उतरा. पट्टी जेवढी सरकली तेवढा सॅग. फोर्कचा एकूण ट्रॅव्हल, म्हणजे पूर्ण ताणलेल्यापासून पूर्ण दबेपर्यंतची हालचाल, 110 मिलिमीटर असेल तर हा आकडा 35च्या आसपास हवा, म्हणजे साधारण एक तृतीयांश. मागे ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत टेपने माप घ्यायचं, आणि तिथे ट्रॅव्हलच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या मध्ये आला तर ठीक. खाचा संपल्या तरी गाडी जास्तच बसत असेल, तर मग स्प्रिंग बदलायचा विचार रास्त आहे. त्याच्या आधी नाही.

नवे मागचे शॉकअप घेताना डोळ्यांपासून डोळ्यांपर्यंतची, म्हणजे वरच्या बुशपासून खालच्या बुशपर्यंतची लांबी मूळ शॉकअपएवढीच ठेवा. मागून गाडी उंच केली की पुढचा फोर्क उभा होतो. हँडल चपळ लागतं, पण वेगात गाडीची सरळ राहण्याची ओढ कमी होते. खंबाटकी उतरून हायवेला लागल्यावर हँडल थरथरायला लागलं की हे कळतं.

गॅस शॉकअप हा प्रकार खरा आहे. साध्या शॉकअपमध्ये तेलासोबत थोडी हवाही असते. सतत खडबडीत रस्त्यावर ती तेलात मिसळून फेस होतो आणि फेस पिस्टनला फारसा विरोध करत नाही. आत नायट्रोजन दाबाखाली भरला की तेलात बुडबुडे व्हायला अटकाव होतो, त्यामुळे लांबच्या खराब रस्त्यावरही शॉकअप शेवटपर्यंत सारखं काम करतं. शॉकअपला बाहेर डबा जोडलेला असतो तो याच कामासाठी. मात्र बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच शॉकअपचा डबा नुसता शोभेचा असतो, आत जायला वाटच नसते. वेगळा व्हॉल्व्ह नाही, रिबाउंडचा, म्हणजे परत उसळण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू नाही, फक्त सोनेरी रंग. त्यापेक्षा मूळ कंपनीचे साधे नवे शॉकअप बरे.

दोन शॉकअप काढून मध्ये एक मोनोशॉक वेल्डिंग करून बसवण्याची हौसही दिसते. माझं मत विचाराल तर नको. जुनी चेसिस मागचा भार सीटखालच्या दोन ठिकाणी घ्यायला बनवलेली असते. तोच भार तरफेच्या जोराने कित्येक पट होऊन मधल्या एका नळीवर येतो, आणि वेल्डच्या कडेला तडा गेला तर तो रंगाखाली दिसतही नाही.

पुढचा फोर्क: कमी खर्चात जास्त फरक

जुन्या गाडीत सर्वांत जास्त फायदा इथे आहे, आणि नेमकं इथेच कोणी हात लावत नाही. इंजिन ऑइल बदलायची आठवण सगळ्यांना असते; फोर्कचं तेल सील फुटून बाहेर येईपर्यंत कुणाला आठवत नाही. तोपर्यंत ते काळं झालेलं असतं, त्यात बुश झिजून पडलेली धातूची पूड असते, आणि पावसाळ्यात कासच्या बाजूला नियमित जाणाऱ्या गाडीच्या फोर्कमधून कधी कधी राखाडी, पाणी मिसळलेलं तेल निघतं.

जुन्या फोर्कची रचना साधी आहे. आत एक पोकळ दांडा, त्याला ठरावीक मापाची छिद्रं, तेल त्यांतून जातं-येतं. इंजेक्शनची सिरिंज हळू दाबली तर सहज दबते, झटक्यात दाबली तर अडते, तसंच इथे होतं. वेग दुप्पट झाला की विरोध सुमारे चौपट होतो. म्हणून ब्रेक लावल्यावर फोर्क संथपणे खाली जातो तेव्हा त्याला अडवणारं काही नसतं, नाक खाली बसतं. आणि खड्ड्याची धारदार कड आली की तोच फोर्क दगडासारखा लागतो. एकाच गाडीत दोन उलट तक्रारी का येतात, त्याचं कारण हे.

जाड तेल घातलं तर दोन्हीकडचा विरोध वाढतो. नाक कमी बसेल, पण खड्ड्याची कड मनगटात जास्त येईल. म्हणून आधी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचं ताजं तेल, सांगितलेल्या मापाने भरा आणि चालवून बघा. फरक पुरेसा असतो. त्यानंतरही कमी वाटलं तर एक पायरी जाड. इथे एक मेख आहे: डब्यावरचा 10 किंवा 15 हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. एकीचं 10 दुसरीच्या 15च्या जवळ जाऊ शकतं. 40 अंश तापमानाला किती सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं माप), हा आकडा पाहून तुलना करायची. आणि काही ठिकाणी फोर्कमध्ये सरळ इंजिन ऑइल ओततात, ते समोर उभं राहून थांबवा.

तेल किती, हेही महत्त्वाचं. फोर्कच्या दोन्ही पायांत अगदी समान हवं. तेलाच्या वर जी हवा कोंडलेली असते ती शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखी दबते. तेलाची पातळी थोडी वाढवली की हवेला जागा कमी उरते आणि फोर्क शेवटी जास्त ताठ होतो, सुरुवातीला मात्र तेवढाच मऊ राहतो. फोर्क तळाला आपटत असेल तर स्प्रिंगच्या आधी ही युक्ती करून पाहावी, पण थोडीच. पातळी फार वाढली तर दाब सीलवर येतो आणि सील फुटतं.

स्प्रिंग म्हातारी झाली की मऊ पडते, हा समज चुकीचा आहे. पोलादाचा कडकपणा तोच राहतो, स्प्रिंगची मोकळी लांबी मात्र कमी होते. म्हणून गाडी पुढून खाली बसते. मॅन्युअलमध्ये कमीत कमी लांबी दिलेली असते, बाहेर काढून टेपने मोजा. थोडीच कमी असेल तर वर योग्य व्यासाच्या पाईपचा सरळ कापलेला तुकडा स्पेसर म्हणून चालतो. मर्यादेखाली गेली असेल तर जोडीने बदला.

सील बदलताना आतला पाईप तपासा. शेडमध्ये दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीच्या पाईपवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. त्यावर कितीही महाग सील बसवलं तरी महिन्याभरात तेल गळणार. पाईपवर पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या किंवा नवा घ्या. आणि वर रबरी बूट चढवा. ते जुनाट दिसतात म्हणून काढून फेकायची फॅशन आहे, पण आपल्याकडच्या लाल चिखलात सीलचं आयुष्य तेच वाढवतात.

स्प्रिंगच्या आधीची तपासणी

एवढं सगळं करूनही गाडी सरळ जात नसेल तर दोष शॉकअपचा नसतोच. पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्यभागी टक्क करून अडकलं तर मुंडीच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याच्या, बॉल रेसला खड्डे पडलेत. तिथे टेपर रोलर बेअरिंग बसवणं ही जुन्या गाडीतली खरी सुधारणा आहे. गोळ्या एका बिंदूवर टेकतात, रोलर पूर्ण रेषेवर, म्हणून भार वाटला जातो. मग मागचं चाक काढून चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, दोन्ही हातांनी आडवा हलवा. प्ले लागला तर बुश गेले. वळणात मागचा भाग शेपटीसारखा हलतो तो यामुळेच. मूळचे धातूचे बुश असतील तर एमआयडीसीतला चांगला लेथवाला गनमेटलचे करून देतो, ग्रीससाठी खाचही पाडून देतो.

टायरची बाजू वाचा. चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3217 म्हणजे 2017 सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर उरली असली तरी इतका जुना रबर कडक झालेला असतो आणि ओल्या घाटात धरत नाही. फार रुंद टायरचा मोह टाळा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा गोलावा बिघडतो, आणि वजन वाढतं ते वेगळंच. चाक, टायर, ब्रेक यांचं वजन स्प्रिंगच्या खालचं. ते जितकं जड, तितकं चाक रस्त्यामागे उशिरा धावतं.

आता इंजिन

मुद्दाम शेवटी ठेवलं. ताशी 60वरून 80वर गेलं की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त होते, आणि ती थांबवायला जुना ड्रम ब्रेक तोच. लायनर, केबल आणि ड्रमची गोलाई नीट केल्याशिवाय वेग वाढवण्यात अर्थ नाही.

"गाडी खेचत नाही" या तक्रारीत बहुधा हरवलेली ताकद परत मिळवायची असते. कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडून किका मारा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. फोरस्ट्रोक गाडीत आकडा वाढला तर रिंग-पिस्टन झिजलेत, नाही वाढला तर व्हॉल्व्हची गळती. एवढ्यावरून बोअर मारायचा, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा करायचा, की नुसतं हेडचं काम करायचं, हे ठरतं.

बोअर मारल्यावर लोक सांगतात, गाडी मोठी झाली. स्प्लेंडरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 50 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 49.5, म्हणून ती 97.2 सीसी. पूर्ण 1 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकला तरी ती होते 101 सीसी. चार टक्के. जाणवणारा फरक त्या चार टक्क्यांचा नसतो, रिंगा पुन्हा घट्ट बसल्याचा असतो. असं काम सुबक करणारे हात साताऱ्यात आहेत. 1922पासूनचा कूपर कारखाना, नंतर प्रिया स्कूटर बनवणारी महाराष्ट्र स्कूटर्स, अशा ठिकाणांमुळे इथे लेथ आणि बोअरिंगची जाण पिढ्यान्‌पिढ्या आलेली आहे.

1985 ते 1996 या काळात आपल्याकडे विकल्या गेलेल्या यामाहा आरएक्स 100चं वेड अजून उतरलेलं नाही, त्यामागेही हाच साधा हिशोब आहे: सुमारे 11 हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या जवळपास. तिच्यासारख्या टूस्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनचाच भाग असतो. त्याच्या पोटाचा आकार धुराच्या लाटा परत पाठवून ताजं मिश्रण आत ढकलतो. तो कापला की आवाज वाढतो आणि ताकद जाते. फोरस्ट्रोकमध्ये एअर फिल्टर काढून टाकणाऱ्यांना हवा जास्त मिळते, पेट्रोल तेवढंच. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, न बदलता असं केलं तर मिश्रण कोरडं होऊन इंजिन तापतं. उलट महाबळेश्वरला गेल्यावर गाडी जरा जड वाटते, तो बिघाड नाही. सातारा सुमारे 700 मीटरवर, महाबळेश्वर 1350च्या आसपास. दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते. सहा-साडेसहा टक्के ताकद तिथेच गेली. ती परत आणायला कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसू नका, खाली उतरल्यावर पुन्हा फिरवावे लागतील.

घाटात ओढ वाढवायचा स्वस्त उपाय म्हणजे स्प्रॉकेट. समजा पुढे 14 आणि मागे 42 दाते, म्हणजे गुणोत्तर 3. मागे 44 केले तर 3.14, ओढ जवळपास 5 टक्के जास्त. पुढचा एक दाता कमी केला तर 3.23, म्हणजे मागचे तीन दाते वाढवल्याइतका परिणाम. त्या बदल्यात टॉप स्पीड आणि ॲव्हरेज थोडं जाईल, हायवेला इंजिन जास्त ओरडेल. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल तर तिच्या आकड्यात फरक पडणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52ने मनाई केलेला आहे, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकास प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी 15 वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओला दाखवावी लागते. त्यामुळे आवाज करणारा पाईप नकोच. आणि मूळचा सायलेन्सर गंजलेला असला तरी भंगारवाल्याला देऊ नका. कित्येक जुन्या मॉडेलचा तो आता नवा मिळत नाही, पत्रा लावून, आतली जाळी बदलून तोच वापरावा लागतो.